वारांगेरला पक्षी पाहायला जाताना: आर्क्टिक टुंड्रा किनाऱ्याची पहिली सहल

नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, फिनमार्क प्रदेशात, वारांगेर नावाचे द्वीपकल्प बॅरेंट्स समुद्रात शिरलेले आहे. अक्षांश सुमारे ७० अंश उत्तर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर. आर्क्टिक टुंड्रा आणि तिथले पक्षी पहिल्यांदाच पाहायला निघालेल्या माणसाने इथेच जावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण पक्षी नसून रस्ता आहे. टुंड्राचे बहुतेक किनारे गाठायचे तर छोटे विमान ठरवावे लागते किंवा मोहिमेच्या जहाजावर लाखो रुपये मोजावे लागतात. वारांगेरला मात्र साध्या भाड्याच्या गाडीने डांबरी रस्त्यावरून जाता येते. क्रीट बेटावर जाऊन संपणारा ई-७५ हा महामार्ग सुरू होतो तोच मुळी वारांगेरच्या पूर्व टोकावरच्या वार्डो या गावात, आणि त्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून खिडकीतून आयडर बदके पाहता येतात. इथे ध्रुवीय अस्वल नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. ते पाहायचे असेल तर याहून बरेच उत्तरेकडे असलेल्या स्वालबार्ड बेटांवर जावे लागेल. अस्वल नसल्यामुळेच इथे बंदूकधारी वाटाड्याशिवाय टुंड्रावर मनसोक्त हिंडता येते.

पुढे ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वारा. वारांगेरमध्ये कोणत्या दिवशी कुठे जायचे हे पक्ष्यांची यादी ठरवत नाही, वारा ठरवतो. माझ्या पहिल्या सहलीत मी प्रत्येक ठिकाणाला एकेक दिवस काटेकोर वाटून दिला होता, आणि वार्डोसमोरच्या होर्नओया या पक्ष्यांच्या बेटासाठी राखून ठेवलेल्या नेमक्या त्याच दिवशी वाऱ्यामुळे होडी सुटली नाही. बेट समोर दिसत होते, कड्यावरचे पक्षी ठिपक्यांसारखे उडताना दिसत होते, आणि मी धक्क्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले असल्यामुळे तसाच निघालो. ही चूक आपण करू नये म्हणून हा लेख.

पहिली पायरी: महिना ठरवणे

वारांगेरचे दोन हंगाम खरे, आणि त्यांत पाहायला मिळणारे पक्षी इतके वेगळे आहेत की आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे बर्फ असतो, पण फ्योर्डचे, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या खाडीचे, पाणी गोठलेले नसते, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह इथपर्यंत पोहोचतो. याच मोकळ्या पाण्यावर किंग आयडर आणि स्टेलर्स आयडर ही दोन देखणी बदके हिवाळा काढतात. स्टेलर्स आयडर ही जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानली गेलेली जात आहे, आणि युरोपात ती इतक्या सहज पाहता येईल अशी जागा दुसरी क्वचितच सापडेल. बोट्सफ्योर्ड गावाच्या बंदरात तरंगत्या लपणातून या बदकांची छायाचित्रे घेण्याची सोय आहे. मात्र या दिवसांत डोंगरावरचे रस्ते वादळात बंद होतात किंवा बर्फ काढणाऱ्या वाहनामागून रांगेनेच गाड्या सोडल्या जातात. बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसलेल्याने स्वतः गाडी घेऊन या हंगामात जाऊ नये. स्थानिक मार्गदर्शकाच्या गाडीत बसावे.

नवख्यासाठी मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांपासून जूनअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे सूर्य मावळतच नाही. मेच्या शेवटी गेल्यास रफ पक्ष्यांच्या नरांची झुंज पाहायला मिळते, पण डोंगरमाथ्यावर बर्फ असतो. जूनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात टुंड्रा उघडी पडलेली असते, कड्यांवर वीण भरात असते आणि डासांचा त्रास अजून सुरू झालेला नसतो. जुलैच्या उत्तरार्धापासून गिलेमॉट आणि पफिन हे समुद्रपक्षी कडे सोडून समुद्रावर निघून जाऊ लागतात, तेव्हा ‘उन्हाळ्याची सुट्टी’ म्हणून ऑगस्टमध्ये गेल्यास बरेचसे रिकामे कडे पाहावे लागतील. मला एकच आठवडा मिळत असेल तर मी १० ते २० जूनमधला निवडीन.

दुसरी पायरी: व्हिसा, विमान, गाडी

नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. युरोपच्या उन्हाळ्याआधी व्हिसा केंद्रांत भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून जूनच्या सहलीसाठी फेब्रुवारीतच कामाला लागावे. आधी नॉर्वेच्या स्थलांतर विभागाच्या पोर्टलवर अर्ज भरून शुल्क भरायचे आणि मग कागदपत्रे घेऊन व्हिसा केंद्रात जायचे, असा क्रम असतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो. विमा घेताना कागदावरची किमान रक्कम पुरी करण्यावर थांबू नये, दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का हेही वाचून घ्यावे.

मुंबईहून ऑस्लोला एखादे विमान बदलून पोहोचता येते. ऑस्लोहून किर्केनेसचे विमान सुमारे दोन तासांचे आहे, आणि वारांगेरच्या सहलीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात. वाड्सो, वार्डो, बोट्सफ्योर्ड आणि बेर्लेवोग इथेही छोटे विमानतळ आहेत, पण तिथली छोटी विमाने वाऱ्यामुळे आणि धुक्यामुळे रखडतात. परतीच्या वेळी ऑस्लोहून भारताचे विमान त्याच दिवशी पकडण्याचा विचार करू नये. मध्ये एक रात्र ऑस्लोत काढावी.

गाडी किर्केनेसच्या विमानतळावर मिळते. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावे, त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि आपला मूळ परवानाही जवळ ठेवावा. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपल्या सवयीच्या नेमके उलट, त्यामुळे स्वयंचलित गिअरची गाडी आधी आरक्षित केलेली बरी. दिवसाही हेडलाइट चालू ठेवणे सक्तीचे आहे. मद्य घेऊन गाडी चालवण्याची मर्यादा इतकी कमी, ०.२ प्रतिहजार, की एक बिअरसुद्धा महागात पडते. मी एकदा आरक्षणाची पावती दाखवूनही मला दुसऱ्याच प्रकारची गाडी मिळाली आणि पहिला तास उजव्या हाताने गिअर शोधण्यात गेला, म्हणून चावी घेण्याआधी गाडीत बसून पाहावे.

तिसरी पायरी: कपडे आणि दुर्बीण

जूनमध्ये तापमान साधारण ३ ते १२ अंश असते. आकडा वाचून महाबळेश्वरची थंडी डोळ्यांसमोर येईल, पण ती तुलना फसवी आहे. समुद्रावरून येणाऱ्या सततच्या वाऱ्यात दुर्बीण धरून तासभर निश्चल उभे राहायचे असते, आणि चालताना पुरेशी वाटणारी उब उभ्या माणसाला पुरत नाही. अंगालगत लोकरीचे पातळ कपडे, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे किंवा तत्सम जाकीट आणि सर्वांत वर वारा व पाऊस दोन्ही अडवणारे टोपीसह जाकीट, असे चार थर ठेवावेत. वारा अडवणारी विजार तितकीच गरजेची आहे, पण आपल्याकडून जाणारे बहुतेक जण तीच विसरतात. कानटोपी, दोन जोड्या हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्यावेत. टुंड्राची जमीन वरून कोरडी दिसली तरी शेवाळाखाली पाणी असते. छत्री घरी ठेवावी.

दुर्बीण ८×४२ ची पुरे. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण वाऱ्यात स्थिर राहत नाही. फ्योर्डवरची बदके आणि डायव्हर नावाचे बुडी मारणारे पक्षी पाहायला २० ते ६० पटींचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) फार उपयोगी पडतो, पण हलका ट्रायपॉड इथे कुचकामी ठरतो. जड ट्रायपॉड नेता येत नसेल तर त्याचे पाय आखूड ठेवून जमिनीवर बसावे, किंवा गाडीच्या खिडकीला लावायचा क्लॅम्प घ्यावा. छायाचित्रकारांनी रिकामी कापडी पिशवी नेऊन तिथे तांदूळ भरावेत आणि ती खिडकीत ठेवावी. निघताना तेच तांदूळ शिजवता येतात. ऊन असलेल्या दिवशी टुंड्रावरून उठणारी हवा थरथरते आणि दूरची छायाचित्रे पुसट येतात, म्हणून चांगले फोटो रात्री दहा ते पहाटे चार याच वेळात होतात.

त्यावरून निजण्याचा प्रश्न येतो. सूर्य मावळत नसल्याने ‘अजून थोडे पाहू’ म्हणत लोक वीस-वीस तास जागे राहतात, आणि तिसऱ्या दिवशी स्टीअरिंगवर डुलक्या येऊ लागतात. दुपारी दोन ते सात झोपावे आणि रात्र पक्ष्यांना द्यावी. डोळ्यांवर बांधायची पट्टी सामानात असू द्यावी.

चौथी पायरी: खाणे आणि मुक्काम

स्वयंपाकघर असलेली केबिन किंवा खोली घ्यावी, कारण गावे छोटी आहेत, उपाहारगृहे मोजकी आहेत आणि शाकाहारी माणसाला रोज बटाट्याच्या चिपांवर भागवावे लागेल. मोठी दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी खरेदी उरकावी. भारतातून पोहे, भाजणी, मेतकूट, मसाले, चिवडा नेता येतो, मात्र दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत नेण्यास मनाई आहे. बटाटेही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप हे सामानातून काढावे. नळाचे पाणी थेट पिता येते. रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही.

पाचवी पायरी: मार्ग आखणे

आठ रात्री हाताशी असतील तर माझा क्रम असा: पहिल्या दिवशी किर्केनेसहून फ्योर्डच्या टोकाशी असलेल्या वारांगेरबोत्नपर्यंत, मग उत्तर किनाऱ्याने वाड्सो, तिथे दोन रात्री. पुढे ७५ किलोमीटरवर वार्डो, तिथे तीन. त्यानंतर त्याच रस्त्याने मागे येऊन ताना नदीच्या बाजूने डोंगर ओलांडून बोट्सफ्योर्ड किंवा कोंग्सफ्योर्ड, तिथे दोन. शेवटची रात्र किर्केनेस. एकच वेळापत्रक पाठ करू नये. वार्डोच्या तीन रात्री होडीसाठी राखीव आहेत, आणि हवा कशी असेल हे रोज सकाळी ‘यर’ या नॉर्वेच्या हवामान सेवेवर तासातासाने पाहून ठरवावे.

वारांगेरबोत्नहून निघाल्यावर पहिला थांबा नेसेबी. गावाच्या पाटीवर उन्यार्गा हे सामी भाषेतले नावही दिसेल. हा समुद्रकिनारी राहणाऱ्या सामी या इथल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश आहे, आणि रस्त्यावर दिसणारे रेनडिअर रानटी नसून सामी कुटुंबांच्या मालकीचे असतात. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्कमधली गावे जाळली, त्यातून नेसेबीचे जमिनीच्या चिंचोळ्या जिभेवर उभे असलेले पांढरे लाकडी चर्च वाचले. चर्चच्या मागच्या तळ्यात आणि ओहोटीच्या चिखलात थांबून पाहावे. टेमिंकचा टिलवा आणि लालमानेचा फॅलारोप इथे हमखास भेटणारे.

वाड्सोला पोहोचल्यावर आधी पुलापलीकडच्या वाड्सोया बेटावर जावे. तिथे अजून उभा असलेला लोखंडी खांब वायूने तरंगणारी हवाई जहाजे दोराने बांधून ठेवण्यासाठी होता. आमुंडसेन आणि नोबिले या ध्रुवीय संशोधकांचे ‘नॉर्गे’ १९२६ मध्ये आणि नोबिलेचे ‘इटालिया’ १९२८ मध्ये उत्तर ध्रुवाकडे जाताना इथे थांबले. खांबाजवळच्या छोट्या तळ्याकाठी मात्र मी त्या इतिहासापेक्षा जास्त वेळ काढला आहे. फॅलारोप चिमणीहून थोडा मोठा, पाण्यावर बुचासारखा तरंगणारा. तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरतो, त्या गरगरीने तळाचे किडे वर येतात, आणि सुईसारख्या चोचीने तो ते टिपत जातो. एकदा मी काठावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो, तेव्हा एक मादी फिरत फिरत माझ्या बुटापासून हातभर अंतरावर आली, बुटाच्या कडेला चिकटलेला किडा टिपला आणि पुढे गेली. या जातीत मादी जास्त रंगीत असते आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो, त्यामुळे गळ्याचा तांबूस रंग भडक दिसला तर ती मादी समजावी. स्कँडिनेव्हियातले हे पक्षी हिवाळ्यात अरबी समुद्रावर जातात. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापलीकडे, जमिनीवरून न दिसणाऱ्या पाण्यात, त्यांचे अर्धे वर्ष जाते.

वाड्सोच्या पूर्वेला १५ किलोमीटरवर एकेरोय आहे. तिथल्या कड्यावर किटीवेक कुरवांची वसाहत आहे. कड्याच्या पायथ्याकडून चालत जावे, वरून वाकून पाहू नये. वाड्सो ते वार्डो या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी थांबावेसे वाटेल, आणि थांबावेच. पांढऱ्या शेपटीचे गरुड खडकांवर बसलेले, किनाऱ्यालगत आयडर, आणि आर्क्टिक सुरय पक्ष्यांची चोची रोखून केलेली चढाई. सुरय डोक्यावर टोच मारू लागले याचा अर्थ आपण घरट्याजवळ आहोत. आल्या पावली मागे फिरावे, फोटो काढत राहू नये.

सहावी पायरी: होर्नओया

वार्डो हे बेटावरचे गाव असून १९८२ मध्ये समुद्राखालून बांधलेल्या बोगद्याने ते मुख्य भूमीला जोडले आहे. गावाच्या बंदरातून होर्नओयाला होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते. शक्य असेल तर पहिल्याच दिवशीची होडी घ्यावी, म्हणजे ती रद्द झाली तरी दोन दिवस हाताशी राहतात. वारा पूर्वेकडून असेल तर उतरण्याच्या जागी लाटा उसळतात. होडीवाल्याने नाही म्हटले तर वाद घालू नये.

धक्क्यावर उतरताच कडा समोर येतो, आणि त्याआधी त्याचा वास येतो. मासळी बाजाराच्या वासापेक्षा तो तिखट असतो आणि जाकिटातून आठवडाभर जात नाही. शॅग जातीचे हिरव्या डोळ्यांचे पाणकावळे वाटेपासून दोन-तीन हातांवर घरटी करून बसलेले असतात. पफिन गवताळ उतारावरच्या बिळांच्या तोंडाशी उभे असतात. वर खडकाच्या पट्ट्यांवर गिलेमॉट दाटीवाटीने उभे असतात. ते घरटे बांधत नाहीत. एकच अंडे उघड्या दगडावर घालतात, आणि ते एका टोकाला निमुळते असल्यामुळे घरंगळण्याऐवजी गोल फिरते, असे अनेकजण मानतात.

नवख्याला इथे एक कसोटी असते: साध्या गिलेमॉटच्या गर्दीतून ब्रूनिकचा गिलेमॉट वेगळा काढणे. ब्रूनिकचा हा खरा उत्तरेचा पक्षी, आणि युरोपच्या मुख्य भूमीजवळ तो इतका जवळून पाहण्याच्या जागा फार थोड्या आहेत. घाईने कड्यावरून दुर्बीण फिरवत राहिल्यास तो सापडत नाही. एकच पट्टा निवडावा, खडकाला पाठ टेकून बसावे आणि त्यातले पक्षी एकेक करून पाहावेत. साधा गिलेमॉट वरून तपकिरी-काळा असतो, ब्रूनिकचा कोळशासारखा काळा. त्याची चोच आखूड आणि जाड असते, आणि वरच्या चोचीच्या कडेने पांढरी रेघ जाते. छातीचा पांढरा रंग गळ्याकडे टोकदार होत जातो, साध्या गिलेमॉटमध्ये तो गोलसर असतो. काही साध्या गिलेमॉटच्या डोळ्याभोवती पांढऱ्या चष्म्यासारखी रेघ असते, ती पाहून गडबडून जाऊ नये. मला पहिला ब्रूनिकचा सापडायला चाळीस मिनिटे लागली, आणि मग त्याच पट्ट्यावर आणखी तीन दिसले.

कड्यावर अचानक शांतता पसरली आणि हजारो पक्षी एकदम समुद्राकडे कोसळल्यासारखे सुटले, तर वर पाहावे: बहुधा गरुड किंवा ससाणा आलेला असतो. जिरससाण्याचे घरटे चुकून आढळले तर त्याची जागा कुणालाही सांगू नये आणि नोंदीत टाकू नये. अंडी व पिले चोरणारे लोक अजूनही आहेत.

बेटावर आखून दिलेल्या वाटेच्या बाहेर पाय ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण उतारावर पफिनांची बिळे पोकळ असतात व वजनाने खचतात. दीपगृहापर्यंत चढून जाण्याची वाट आहे. तिथून समुद्रावर नजर ठेवल्यास हार्बर पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा छोटा प्राणी आणि क्वचित व्हेल दिसतो.

सातवी पायरी: डोंगरावरची टुंड्रा

इथपर्यंतचा भाग किनाऱ्याचा होता. खऱ्या टुंड्राच्या जमिनीवर उतरायचे तर ताना ब्रूहून बोट्सफ्योर्डकडे जाणारा रस्ता धरावा. तो साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीच्या पठारावरून जातो. सह्याद्रीच्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल, पण ७० अंशांवर तेवढ्यावरच झाडे संपतात आणि दगड, शेवाळ, दगडफूल, बुटकी झुडपे एवढेच उरते. २००६ मध्ये स्थापन झालेले वारांगेर राष्ट्रीय उद्यान याच पठाराचा मोठा भाग व्यापते.

लांब शेपटीचा स्कुआ, डॉटरेल चिखल्या, लॅपलंड भारीट, शिंगवाला चंडोल, टार्मिगन हे इथले पक्षी, आणि त्यांच्यासाठी पायपीट करावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला रुंद जागी गाडी लावावी, इंजिन बंद करावे आणि खिडकी खाली घेऊन दहा मिनिटे ऐकावे. टुंड्रा पहिल्यांदा रिकामी दिसते. मग दूरवर एक दगड हलतो, तो टार्मिगन असतो. डॉटरेल माणसाला फारसा घाबरत नाही, म्हणून तो जवळ आल्यास स्वतः पुढे सरकू नये.

किती पक्षी दिसतील हे लेमिंगवर अवलंबून असते. लेमिंग या उंदरासारख्या छोट्या प्राण्याची संख्या काही वर्षांच्या अंतराने प्रचंड वाढते आणि मग कोसळते. त्याच्या भरभराटीच्या वर्षी स्कुआ आणि रफ-लेग्ड बझर्ड हा शिकारी पक्षी भरपूर वीण करतात, पडत्या वर्षी जेमतेम दिसतात. आर्क्टिक कोल्हा इथे पूर्वी जवळजवळ संपला होता आणि त्याला पुन्हा वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. दिसला तर भाग्य, पण त्याची बिळे शोधायला जाऊ नये. रेनडिअर मात्र भेटणारच, आणि बहुधा रस्त्याच्या मधोमध. हॉर्न वाजवल्याने ते हटत नाहीत. एक ओलांडून गेला म्हणजे मागून दुसरा येतोच, हे धरून चालावे.

आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकाला इथे एक वेगळाच आनंद मिळतो. भिगवणला किंवा ठाणे खाडीत थंडीत मळकट करडे दिसणारे रफ आणि टिलवे इथे विणीच्या पिसाऱ्यात असतात. रफचा नर तर ओळखूच येत नाही: गळ्याभोवती काळी, पांढरी किंवा तांबडी आयाळ फुलवून तो इतर नरांसमोर उड्या मारतो, वाकतो, थिजून उभा राहतो. अक्षीच्या किनाऱ्यावर ज्याला फक्त राखी रंगात पाहिले असा बार-टेल्ड गॉडविट इथे विटकरी लाल असतो. हे पक्षी म्हणजे नेमके तेच, असे म्हणता येणार नाही, जात मात्र तीच.

आठवी पायरी: वागण्याचे नियम आणि सावधगिरी

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर कुणालाही चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क आहे, मात्र तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा. हा हक्क म्हणजे विणीच्या काळात कुठेही तुडवत फिरण्याची मुभा नव्हे. जमिनीवर घरटी करणारे पक्षी पायाखाली असतात. पंख लुळा पाडून फरफटत पळणारा पक्षी दिसला की तो आपल्याला घरट्यापासून दूर नेत आहे हे ओळखून मागे फिरावे. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावू नयेत. ड्रोन विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि इथे प्रत्येक गावाजवळ विमानतळ आहे. कड्यांजवळ तर ड्रोनचा विचारही करू नये.

आडरानात जाताना मुक्कामाच्या ठिकाणी परत येण्याची वेळ सांगून जावी. आपत्कालीन क्रमांक पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी ११३ आणि अग्निशमनासाठी ११०. डोंगरावर पेट्रोल पंप नाहीत, ताना ब्रूला टाकी भरावी. किर्केनेसच्या आसपास फोन कधीकधी रशियाचे नेटवर्क पकडतो आणि घड्याळ पुढे सरकते. विमानाच्या दिवशी तरी वेळ हाताने लावून ठेवावी.

पक्ष्यांच्या तापाबद्दल, म्हणजे बर्ड फ्लूबद्दल, एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. २०२३ च्या उन्हाळ्यात वाड्सो परिसरात या साथीने हजारो किटीवेक मेले. मेलेला किंवा आजारी पक्षी हाताने उचलू नये, त्याच्याजवळ जाऊ नये आणि गावच्या प्रशासनाला कळवावे. किर्केनेसहून विमानात बसण्याआधी बुटांचे तळवे आणि ट्रायपॉडचे पाय साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण वाळवावेत, कारण तेच बूट पुढच्या थंडीत भिगवणच्या चिखलात उतरणार असतात.